भुलाबाईच्या गावातली मोकळी जागा

गाव वसवायचा खेळ आपल्याच पिढीनं शोधून काढला, असं माझ्या नातीला वाटतं. मुक्ता तिचं नाव, पुण्याला असते. सुटीत इकडं आली की लॅपटॉप मांडीवर घेऊन तासन्‌तास गावं वसवत बसते. आधी रस्ते आखते, मग पाण्याचे नळ, मग विजेच्या तारा, मग घरं. घरं झाली की कुठून कुठून माणसं येऊन त्यात राहायला लागतात, आणि राहायला लागली की लगेच तक्रारी सुरू. कुणाकडं पाणी पोचत नाही, कुणाच्या गल्लीतला कचरा तसाच आहे, कुणाला शाळा लांब पडते. घरांवर लाल खुणा लुकलुकायला लागतात आणि पोरगी "थांबा, थांबा, देते" असं त्या नसलेल्या माणसांना सांगत धावपळ करत असते. तिच्या आईला हे वेड वाटतं. मला नाही वाटत. मी शेजारी खुर्ची ओढून बसते आणि कुणी विचारलं नसताना सल्ले देते. परवा ती वैतागून म्हणाली, "आजी, तुला काय माहीत गं ह्यातलं?" मला काय माहीत म्हणे! अगं बाई, तुझा बापही जन्मला नव्हता तेव्हा मी अकोल्याला आमच्या ओसरीत हाच खेळ खेळत होते, आणि आमच्या गावात तर माणसं खरीखुरी भांडायची.

अकोल्याचं आमचं घर मोर्णा नदीच्या बाजूला, जुन्या वस्तीत. पुढं लांबलचक ओसरी, ओसरीत सागवानी बंगई, म्हणजे झोपाळा, टांगलेली, आत दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागं अंगण ओलांडून सरपणाची एक खोली. सकाळी सरकी काढायच्या जिनचा भोंगा वाजला की आई चुलीवर तवा टाकायची, त्यामुळं अजूनही कुठं भोंगा ऐकला की मला कळण्याच्या भाकरीचा वास येतो. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. ते वकिली करायचे. मूळचे अमरावतीचे, बोलणं शाळामास्तरासारखं शुद्ध. आई पातुराकडची, शेतकऱ्याची लेक. दादांनी पुष्कळ वर्षं प्रयत्न केला, पण तिनं आपलं "मले, तुले" काही सोडलं नाही. "माह्या बोलन्यानं तुमची भाजी खारट होते का?" असं विचारायची. मग मी आणि माझा धाकटा भाऊ विलास, म्हणजे इल्या. आणि आमच्यात येऊन पडलेली, दादांची धाकटी बहीण, कुसुमआत्या.

आत्याला चांदूर रेल्वेला दिली होती. मोठं घर, काळी कसदार जमीन. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तोच नवरा तापानं गेला, आणि दादा जाऊन तिला काही दिवसांसाठी म्हणून घेऊन आले. त्या काही दिवसांची दोन वर्षं झाली होती. वयानं ती पंचविशीच्याही आतली. मॅट्रिक झालेली, हसली की गालाला खळी पडायची, आणि हसायची ती फक्त आम्हा पोरांत. मोठ्यांत आली की पदर डोक्यावर आणि नजर खाली.

आमच्या वऱ्हाडात भादव्याच्या पुनवेला भुलाबाई बसते. तुमच्याकडं पुण्यात नसेल, म्हणून सांगते. पार्वतीच ती, महिनाभर माहेरपणाला येते. मातीची भुलाबाई, मातीचा भुलोबा, पाटावर मांडायचे. रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरी घरोघर फिरून गाणी म्हणतात, आणि शेवटी डब्यातली खिरापत ओळखायची. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा, म्हणजे वाळक्या ताटांचा, मखर करायचा आणि मग तिची सासरी बोळवण. तर त्या वर्षी आत्यानं हौसेनं भुलाबाईला हळदकुंकू लावायला बोटं पुढं केली, आणि शेजारच्या एका म्हाताऱ्या काकू चटकन म्हणाल्या, "तू नको गं, कुसुम. सुमीला लावू दे." आत्यानं हात मागं घेतला. मला इतका राग आला होता की मी ते कुंकू भुलाबाईच्या कपाळावर न लावता नाकावरच लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहते तर आत्या ओसरीत उकिडवी बसलेली, आणि पाटापासून थेट खांबापर्यंत विटेच्या भुकटीनं रस्ते आखते आहे. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "देवीला हात लावायचा नाही म्हणाले. तिच्या गावाबद्दल कोणी काही बोललेलं नाही."

तिथून जे सुरू झालं! काड्यापेट्यांची घरं, त्यांवर चिंचोके अर्धे फोडून कौलं. रिळाच्या विहिरी. सिगरेटच्या पाकिटातला चांदीचा कागद आणून त्याची मोर्णा केली, आणि तो कागद मिळावा म्हणून इल्या पानठेल्याच्या आसपास घिरट्या घालायचा. एका कोपऱ्यात जिन, त्याच्या अंगणात खऱ्या सरकीचा ढीग. परातीत हळीव उगवून त्याची शेतं. आणि ओसरीच्या कडेकडेनं रेल्वे: धांड्याच्या चिपांचे रूळ, खाली जळक्या काड्यांचे स्लीपर. ती रेल्वे भुलाबाईच्या गावातून निघून बडनेऱ्यावरून सरळ दूरच्या खांबापर्यंत जायची, आणि त्या खांबाला आम्ही चांदूर म्हणायचो. आमच्या घरची भुलाबाई सासरी जाताना रेल्वेनं जाणार, असं आमचं ठरलेलं होतं.

पण नुसतं मांडून ठेवण्यात काय मजा? ती आरास झाली. खरी मजा आत्यानं शोधली. गल्लीतल्या पोरी गाणी म्हणून गेल्या की आम्ही तिघं गावाभोवती बसायचो आणि आत्या विचारायची, "आजची अडचण काय?" ज्याची पाळी असेल त्यानं गावावर एक अडचण आणायची. आज वरच्या आळीची विहीर आटली. आज जिनला आग लागली. आज कापसाच्या गाड्यांच्या रांगेमुळं शाळेतली पोरं अडकली. बाकीच्यांनी ती सोडवायची, आणि नियम एकच: कोणाचंही घर न मोडता सोडवायची. इल्याला हा नियम बिलकुल पटत नसे. तो सरळ चार घरं उचलून रस्ता रुंद करायला निघायचा. आत्या त्याचा हात धरायची, "आणि ह्यातली माणसं कुठं जातील?" मग डोकं खाजवत बसायचं. कधी जेवणाची हाक येईपर्यंत सुटायचं नाही, आणि मी भाकरी खाताना मनातल्या मनात गल्ल्या इकडून तिकडं सरकवत असायचे. अडचण सुटली की काय वाटायचं म्हणून सांगू! आपण आणलेलं पाणी वरच्या आळीत पोचलं, हे त्या काड्यापेट्यांकडं बघून कळायचं. मुक्ताच्या लाल खुणा विझतात तेव्हा तिच्या तोंडावर जे दिसतं ना, तेच. एक घर नीट बसलं की दुसऱ्याची अडचण उभी राहते, आणि म्हणूनच हा खेळ संपत नाही आणि त्याचा कंटाळाही येत नाही.

आत्याचा आणखी एक हट्ट होता. गावाच्या मधोमध, विहिरीजवळ, तिनं एक चौकोन मोकळा ठेवला होता आणि तिथं कोणाला काही बांधू द्यायची नाही. मला तिथं टाकी पाहिजे होती, इल्याला टुरिंग टॉकीज. आम्ही दोघांनी तिचं डोकं उठवलं. ती एवढंच म्हणायची, "असू दे मोकळी. उद्या कोण येईल काय सांगावं."

आईला ह्या सगळ्याचं काही कौतुक नव्हतं. महिनाभर ओसरी अडली, सारवता येत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यानं भिंतीला चिकटून चालायचं, म्हणून तिची रोज कुरकुर. "काड्यापेट्या तुमाले आन् चूल पेटवाले मी शेजारी मागू का?" म्हणायची. तिला खरंच पुष्कळ काम पडायचं. खिरापत मात्र रोज तीच करायची आणि अशी करायची की गल्लीतल्या पोरी हरायच्याच. एकदा गोडंबीचे लाडू, एकदा उकडलेले शिंगाडे, एकदा तर नुसती आंबाडीची भाजी डब्यात घालून ठेवली आणि पोरी लाडू, करंजी, चिवडा, वडी करत करत रडकुंडीला आल्या. पण आमच्या गावाकडं तिनं ढुंकून पाहिलं नाही. आणि आत्याशीही ती कामापुरतीच बोलायची. त्यामुळं मला आपलं वाटायचं, की आत्या गेली तर आईला बरंच वाटेल.

दसऱ्याला सोनं द्यायच्या निमित्तानं नानाजी आले. नानाजी म्हणजे आत्याचे थोरले दीर, चांदूरचे. उंच, काळेसावळे, धोतर गुडघ्यापर्यंत, हाताचे पंजे केवढे तरी. आम्हा पोरांना त्यांची भीती वाटायची, ती त्यांनी काही केलं म्हणून नव्हे; ते बंगईवर बसले की बंगईच्या कड्या जास्त करकरायच्या म्हणून. त्यांच्या आईच्या अंगावरून वारं गेलं होतं, उजवी बाजू लुळी पडली होती. बायको दम्यानं बेजार, तिलाच कोणी उठवायला लागायचं. म्हातारी परक्याच्या हातचं पाणी पीत नव्हती, त्यामुळं बाई ठेवायची सोय नाही. तेव्हा धाकट्या सूनबाईंना आता पाठवा, असं ते म्हणाले. मागणी काही वावगी नव्हती. दादांनी थोडा वेळ आपट्याची पानं हातात फिरवली आणि कोजागिरी झाली की पाठवतो, तुमच्या आईची आबाळ होऊ देणार नाही, असा शब्द दिला. आत्याला कोणी विचारलं नाही. ती दाराआड उभी होती.

आता ह्यातली ग्यानबाची मेख अशी, की अमरावतीच्या ट्रेनिंग कॉलेजात आत्याचं नाव लागलं होतं. दिवाळी झाली की हजर व्हायचं होतं. मास्तरीण होऊन स्वतःच्या पायावर उभं राहायचं, हे तिनं आणि दादांनीच मिळून ठरवलं होतं. दादाच तिला घेऊन अमरावतीला जाऊन आले होते. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते आज मला कळतं. एकीकडं बहीण, एकीकडं अंथरुणाला खिळलेली म्हातारी, आणि समोर हात जोडून उभा असलेला भला माणूस. त्यांना नाही म्हणता आलं नाही. त्या दिवसापासून ते आत्याच्या नजरेला नजर देईनात. जेवायला बसले की ताटातल्या वरणाकडंच बघत बसायचे.

त्या पाच दिवसांत घरात भांड्यांचे आवाज तेवढे यायचे. आत्याची ट्रंक माळ्यावरून खाली आली. तिच्यात तिनं घडी करून चार लुगडी ठेवली, आणि अभ्यासाची पुस्तकं एकदा ठेवली, मग काढली, मग पुन्हा ठेवली. संध्याकाळी ती गावापाशी बसायची, पण अडचण विचारायची नाही. इल्यानं काही आणली तर कसनुसं हसून सोडवायची. मी एकदा धीर करून विचारलं, की तू खरंच जाणार का. तर म्हणाली, "भुलाबाई गेली की मीही जाणार, सुमे." विहिरीवर आई शेजारणीला सांगत होती तेही मी ऐकलं, "तिचं घर तिकडंच हाय न, बाप्पा." मला आईचा इतका संताप आला की त्या दिवशी मी तिनं वाढलेली भाजी ताटात तशीच ठेवून उठले.

कोजागिरीच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठले. माझं गणित साधं होतं. भुलाबाई गेली की आत्या जाणार. भुलाबाई जाणार रेल्वेनं. तेव्हा रेल्वेच नसली तर? मी ओसरीच्या कडेला बसून एकेक रूळ उपटला. बडनेऱ्यापासून पुढं खांबापर्यंत सगळे स्लीपर गोळा केले आणि चुलीत नेऊन टाकले. काम झाल्यावर जरा बरं वाटलं. माझी वेणी घालायला म्हणून आत्या आली आणि तिनं ते उखडलेलं पाहिलं. मला वाटलं, रागावेल. ती माझ्याशेजारी मांडी घालून बसली, धांडा घेतला, विळीवर त्याच्या चिपा काढायला लागली. माझ्या डोळ्यांतून पाणी चाललेलंच होतं. ती म्हणाली, "रूळ उपटून जाणारा थांबत नाही गं. आणि येणाऱ्यालाही तेच रूळ लागतात." मला त्यातलं काडीचं कळलं नाही. मला फक्त एवढं दिसत होतं, की ती स्वतःच्या हातानं आपल्याच जाण्याची वाट घालते आहे. दुपारपर्यंत रेल्वे पुन्हा चांदुराला पोचली.

दिवस कलता नानाजी आले. ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी श्वास रोखून त्यांच्या पायांकडं बघत होते. त्यातला एक पाय जरी चुकला असता तर अर्धी आळी गेली असती. ते उंबऱ्याशी थांबले, सगळ्या गावाकडं एकदा पाहिलं, जोडा बाहेरच काढला, आणि भिंतीला अंग घासत, एवढा मोठा माणूस, बोटांवर चालत बंगईपर्यंत गेले. दादा त्यांच्याशेजारी बसले. पिकाचं, पावसाचं बोलणं झालं. सकाळच्या गाडीनं निघायचं ठरलं. गल्लीतल्या पोरी आल्या, मखरात बसलेल्या भुलाबाईपुढं गाणी झाली, खिरापत ओळखून झाली. त्या दिवशी आईनं साध्या लाह्या ठेवल्या होत्या, पोरींनी पहिल्या झटक्यात ओळखल्या. आईचं मन थाऱ्यावर नव्हतं हे मला तेव्हाच समजायला हवं होतं. पोरी गेल्या. चुलीवर दूध आटत होतं, त्याचा वास ओसरीपर्यंत येत होता, आणि बंगई करकरत होती.

आता भुलाबाईला गाडीत बसवायचं, म्हणून मी उठले. तेवढ्यात आत्या आतून आली. दिरासमोर ती कधी येत नसे. डोक्यावरचा पदर पुढं ओढून ती पुरुषांकडं पाठ करून गावापाशी बसली आणि आम्हा दोघांना म्हणाली, "बसा. आजची अडचण माझ्याकडं आहे."

आम्ही बसलो. तिचा आवाज नेहमीचाच होता, हात मात्र तिनं मांडीखाली दाबून धरले होते.

"गावात एक म्हातारी आहे. तिची एक बाजू गेलेली आहे. तिला उठवायला, बसवायला आपलं माणूस लागतं. एक सून आहे, ती स्वतःच आजारी. दुसरी सून आहे, तिला शिकायला जायचं आहे. ती आता गेली नाही तर पुन्हा तिला कोणी बोलावणार नाही. म्हातारीला टाकायची नाही, आणि सुनेलाही अडवायचं नाही. कोणाचं घर न मोडता सोडवा."

बंगईची करकर थांबली. इल्याला काय कळणार! तो लगेच म्हणाला, दवाखाना बांधू. आत्या म्हणाली, दवाखान्यात माणूस बरं होईपर्यंत ठेवतात, ही बरी व्हायची नाही. मला सगळं कळत होतं आणि काही सुचत नव्हतं. दादा कसनुसं हसून नानाजींना म्हणाले, पोरांचा खेळ आहे, मनावर घेऊ नका. त्यांचं कपाळ घामानं भिजलं होतं.

नानाजी पुढं वाकले. "खेळ नाही हा, वकीलसाहेब. माह्या घरची गोष्ट हाय." मग त्यांची नजर गल्लीगल्लीतून फिरली. मला वाटलं, आता उठतात आणि लाथेनं उडवतात सगळं. पण त्यांचा आवाज आला तो अगदी खालचा होता. "सोडवा न मंग. मलेबी सांगा. मी भादव्यापासून ह्याच अडचणीत हाय."

दादा एवढे कोर्टात तास-तास बोलणारे, त्यांनी मान खाली घातली. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आई आली. पदराला हात पुसत गावापर्यंत आली, महिन्यात पहिल्यांदाच. वाकून बघत म्हणाली, "हे मधात काय हाय? विहिरीपाशी?"

"काही नाही, वहिनी," आत्या म्हणाली. "मोकळी जागा आहे."

"कोनाची?"

"कोणाचीच नाही."

"मंग आना न म्हातारीले तिथं," आई म्हणाली, आणि काड्यापेटी कुठं ठेवतात हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिनं हाताशी असलेला खिरापतीचा रिकामा डबा उचलला आणि त्या चौकोनात ठेवून दिला. जिनपेक्षाही मोठं घर झालं ते. मग तशीच वळून नानाजींना म्हणाली, "मागची सरपनाची खोली मोकळी करते मी. खाट मावते तिथं. तुमच्या मायले आना. कुसुम सुटीत येईन तवा ती करीन, येरवी मी करीन."

नानाजी बंगईवरून उठून उभेच राहिले. "तुमी? तुमी काहून करसान आमच्या मायचं?"

"काहून म्हंजे? पडलेली बाई हाय. तिले कूस बदलून पाहिजे. ते इथंबी बदलता येते."

लोक काय म्हणतील, असं ते म्हणाले. लेकाला जमलं नाही म्हणून सुनेच्या माहेरी नेऊन टाकली, असं सगळं चांदूर म्हणेल. आई म्हणाली, "म्हनू द्या. म्हननाऱ्यायले माह्याकडं पाठवा. धुनं लय पडन, मले हाताखाली मानूस लागनच."

दादा हळूच म्हणाले, पण मी शब्द दिला आहे. आईनं विचारलं, काय दिला. ते म्हणाले, म्हातारीची आबाळ होऊ देणार नाही असा. "मंग?" आई म्हणाली, "मी काय आबाळ करीन तिची?" आत्या तशीच पाठ करून बसली होती. तिचे खांदे हलत होते, आणि आईनं जाता जाता तिच्या पाठीवर नुसता हात टेकवला आणि दूध ऊतू जाईल म्हणून आत गेली. थोड्या वेळानं मी त्या दुधाचा पेला हातात घेऊन आईकडं बघत राहिले. पाच दिवस मी जिचा राग केला ती हीच का, हे मला समजेना.

पण नानाजी हो म्हणाले नव्हते. मायले विचारतो, एवढंच म्हणून ते सकाळच्या गाडीनं एकटेच गेले. भुलाबाईही गेली, नव्या रुळांवरून, खांबापर्यंत. त्यानंतरचे दिवस फार वाईट होते. आईनं सरपण अंगणात काढून खोली सारवून घेतली, खाट टाकली, आणि रोज झाडायची. आत्याची ट्रंक दाराशी तशीच भरलेली, ती उचलून अमरावतीला न्यायची की चांदुराला, हे कोणालाच माहीत नव्हतं. टांगा वाजला की मी दारात. दिवाळीच्या फराळाला आई बसली तेव्हा तिच्या करंज्या फुटायला लागल्या, आणि तिच्या करंज्या कधी फुटत नसत. शेवटी एका सकाळी एक टांगा आमच्या दाराशी थांबला. पुढं नानाजी, आणि मागं उशांमध्ये बसवलेली एवढीशी म्हातारी. नानाजींनी आणि दादांनी मिळून खुर्चीवरून तिला आत आणलं. तिनं तोंडाच्या एका बाजूनं विचारलं, "कोनती ती वकिलीन, जिनं मले बलावलं?" आई पुढं झाली. म्हातारीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "चहा ठेव बाप्पा आधी." आत्या ओसरीच्या खांबाला टेकून रडली, आणि हसली, आणि पुन्हा रडली. दोन दिवसांनी दादा तिला अमरावतीला पोचवून आले.

म्हातारी तीन पावसाळे आमच्याकडं राहिली. तिचं करताना आई थकायची, चिडायची, दोघी एकमेकींशी कडाकडा भांडायच्या, आणि दुपारी एकाच सुपारीची दोन खांडं करून खायच्या. पुढच्या भादव्यात आम्ही गाव मांडलं तेव्हा म्हातारीनं खाटेसकट ओसरीत यायचा हट्ट धरला, आणि अशा अशा अडचणी काढल्या की सुटीला आलेल्या आत्यालाही घाम फुटला. आत्या शिकली, मास्तरीण झाली, अकोल्याच्याच शाळेत लागली, सेवानिवृत्त झाली. तिच्या शाळेचं पटांगण तिनं कधी कोणाला बांधू दिलं नाही, हे मात्र मी पुष्कळांकडून ऐकलं आहे.

म्हातारी गेल्यावर दादा म्हणाले, की मागची खोली कोणा विद्यार्थ्याला द्यावी. आईनं ती सारवून घेतली, खाट उन्हात टाकून पुन्हा आत ठेवली, आणि म्हणाली, "असू द्या मोकळी. उद्या कोन येईन काय सांगावं." दादा तिच्याकडं बघतच राहिले. ती खोली मग कैक वर्षं तशीच राहिली. दर आठवड्याला आई ती सारवायची.

परवा मुक्तानं मला विचारलं, की आजी, गावाच्या मधली ही एवढी जागा तू मला रिकामी का ठेवायला लावतेस, वाया जाते. तिला मी काय सांगू? माझं लग्न मोडलं तेव्हा तिचा बाप माझ्या कडेवर होता. दुसऱ्या हातात ट्रंक. मी अकोल्याच्या स्टेशनवर उतरले तेव्हा दुपार टळत आली होती, आणि घरापर्यंत चालत जाताना मी काय काय सांगायचं ते मनात जुळवत होते. आई ओसरीतच होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, पोराकडं पाहिलं, माझ्या हातातली ट्रंक घेतली आणि सरळ मागच्या खोलीकडं चालायला लागली. अंगण ओलांडताना मागं न बघता तिनं एवढंच विचारलं, "गाडीत काही खाल्लं व्हतं का तुमी?"